गटागणिक मायना

मराठी पत्राला मायना असतो आणि तो माणूस बघून बदलतो. नववीच्या वर्गाला पत्रलेखन शिकवताना मी हे पहिल्याच तासाला सांगत असे. वडिलांना 'तीर्थरूप' आणि 'शिरसाष्टांग नमस्कार', धाकट्याला 'चिरंजीव' आणि 'अनेक उत्तम आशीर्वाद', परक्या गृहस्थाला 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष'. लिहिणारा एकच, हात एकच, दौत एकच. पण पत्र कुठल्या घोळक्यात जाणार यावर सुरुवात कशी, शेवट कसा, सही पूर्ण नावाने की नुसतं 'तुझी ताई', हे सगळं ठरतं. मुलं विचारायची, "बाई, सगळ्यांना एकच का नाही चालत?" त्यावर मी म्हणायची, "घरात आणि शाळेत तुम्ही एकाच आवाजात बोलता का?"

ही सवय आपल्याकडे फार जुनी आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याच्या नावावर परंपरेने 'मेस्तक' सांगितलं जातं. कुणाला कसं लिहावं, हिशेब कसे मांडावेत याचे ते नियम. पुढे शिवकाळात आणि पेशवाईत हे शास्त्र चांगलंच पिकलं. मोडी कागद बघितलेत तर वरचा मायना वाचूनच अंदाज येतो, की पत्र वडीलधाऱ्याला आहे, बरोबरीच्याला आहे की हाताखालच्याला. वर शिक्का, आणि मजकूर संपला की खाली मोर्तब. मोर्तब कशासाठी, तर त्याखाली मागाहून कुणी ओळ घुसडू नये म्हणून. नियम सगळ्या दौलतीचे होते, पण ज्या त्या पत्रापुरते बदलायचे.

हे सगळं आता आठवायचं कारण जरा विचित्र वाटेल. माझा भाचा अमेरिकेत संगणकाचं काम करतो. टपाल आणि न्यूजग्रुप वाचायला तो ग्नूस नावाचा एक जुना प्रोग्रॅम वापरतो. मागे सुट्टीला साताऱ्याला आला तेव्हा त्याने मला तो उघडून दाखवला. काळ्या पडद्यावर नुसती नावांची यादी, चित्र म्हणून नाही. त्यातल्या एका नावावर त्याने दोन कळा दाबल्या, आधी जी आणि मग सी, आणि एक फॉर्म उघडला. या गटाला उत्तर देताना माझं नाव कसं दिसावं, खाली सही कोणती असावी, मी पाठवलेल्या पत्राची नक्कल इथेच ठेवायची का, जुनी पत्रं किती दिवसांनी काढून टाकायची... असे कितीतरी रकाने. प्रत्येक गटासाठी वेगळे! मी म्हटलं, "अरे, हा तर मायना!" तो हसला आणि म्हणाला, "आत्या, तसं कधी डोक्यातच आलं नाही बघ."

तेव्हापासून या विषयाचा इतिहास मी जमेल तसा वाचत गेले, त्याला फोनवर पिडत गेले. त्यातून जे कळलं ते लिहून ठेवते. तांत्रिक मंडळींना यातलं बरंच ठाऊक असेल. पण आमच्या गोतावळ्यातल्या बाकीच्यांना यात गंमत वाटेल, आणि शेवटी थोडं घरचंही आहे.

*

सुरुवात झाली १९७९ साली. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी एक योजना आखली, आणि शेजारच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातला स्टीव्ह बेलोविन त्यांना येऊन मिळाला. एका संगणकाने दुसऱ्याला रात्री, स्वस्त दराच्या वेळेत, टेलिफोन लावायचा आणि दिवसभरात साठलेला मजकूर त्याच्या हवाली करायचा. त्याने तो तिसऱ्याला द्यायचा. १९८० पासून हे प्रत्यक्षात चालू झालं आणि त्याला यूजनेट असं नाव पडलं. आपल्याकडे पूर्वी डाकेचे जासूद टप्प्याटप्प्याने थैली पुढे देत, त्यातलाच प्रकार. मधे कुठेही मोठी कचेरी नाही की मालक नाही.

मजकूर विषयवार गटांत टाकलेला असे. लोक वाढले तसे गट वाढले, नावांचा गोंधळ झाला, आणि १९८६-८७ मध्ये सगळ्या गटांची नावं नव्याने लावली गेली. संगणकाचे 'कॉम्प', शास्त्राचे 'साय', करमणुकीचे 'रेक', समाज-संस्कृतीचे 'सॉक', अशी सात मोठी खाती पडली. प्रत्येक खात्यात पोटखाती, त्यांत आणखी पोटखाती. 'सॉक' मध्ये 'कल्चर', त्यात 'इंडियन', आणि पुढे त्याच्याही पोटात 'मराठी'. म्हणजे सॉक-डॉट-कल्चर-डॉट-इंडियन-डॉट-मराठी. बोलायला लांबलचक, पण पत्त्यासारखं सरळ.

सातारा-सांगलीच्या माणसाला ही रचना समजायला जड जाऊ नये. माझं माहेर सांगलीचं, सासर साताऱ्याचं. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग वेगळा काढून 'दक्षिण सातारा' जिल्हा केला, आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे माझ्या आईवडिलांचं लग्न झालं तेव्हा दोन्ही घरं एका जिल्ह्यात होती, माझं झालं तेव्हा दोन! त्याआधीचा काळ तर आणखी मजेचा. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण अशी संस्थानं आणि त्यांच्या मधेमधे इंग्रजांचा मुलूख. औंधाचा मुलूख तर सलग नव्हताच, आटपाडीचा महाल एकीकडे आणि राजधानी दुसरीकडे. एका गावचा कायदा एक, पलीकडच्या शिवारात दुसरा. १९३९ साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने आपल्या संस्थानात ग्रामपंचायतींच्या पायावर लोकांचं राज्य आणलं, तेव्हा शेजारच्या इंग्रजी हद्दीतल्या गावाला ते लागू नव्हतं. सगळ्यांना मिळून एक कायदा आणि ज्या त्या ठिकाणाला आपापला, या दोहोंमधला झगडा आपल्या भागाने चांगला पाहिलेला आहे.

यूजनेटवरही तोच प्रश्न आला. शेकडो गट, रोज हजारो पत्रं, आणि वाचणारा एकटा. १९८४ साली लॅरी वॉल या गृहस्थाने 'आरएन' नावाचा वाचक-प्रोग्रॅम लिहिला (पुढे १९८७ मध्ये पर्ल ही संगणकाची भाषा केली तोच हा). त्यात एक सोय होती, 'किल फाइल'. नको असलेली माणसं आणि नको असलेले विषय तिच्यात लिहून ठेवायचे, म्हणजे ती पत्रं डोळ्यांपुढे येतच नाहीत. आणि ही यादी दोन प्रकारची, एक सगळ्या गटांना मिळून आणि एक फक्त त्या गटापुरती. भाचा म्हणतो की गटागणिक नियमांचं हे एक मूळ. क्रिकेटच्या गटात जो माणूस नकोसा वाटतो, तोच स्वयंपाकाच्या गटात उत्तम लिहीत असेल. मग त्याला सगळीकडूनच कशाला घालवायचं? मला हा न्याय फार आवडला. वर्गात दंगा करणारा मुलगा मैदानावर कप्तान असू शकतो, हे शिक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही.

मग आला ग्नूस. जपानच्या मासानोबू उमेदा यांनी तो १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात लिहिला, इमॅक्स नावाच्या लेखन-प्रोग्रॅमच्या पोटात. १९९४-९५ मध्ये नॉर्वेच्या लार्स इंगेब्रिग्टसेन या तरुणाने तो मुळापासून पुन्हा लिहून काढला. त्याने एक मोठी गोष्ट केली. न्यूजग्रुप आणि खाजगी टपाल यांत त्याने भेद ठेवला नाही. बहिणीचं पत्र असो की जगजाहीर चर्चा, दोन्ही 'गट'च. आणि प्रत्येक गटाला त्याचे स्वतःचे नियम.

नियम कसे लागतात तेही सांगते. सगळ्यात खाली सर्वसाधारण नियम, जो सगळ्यांना लागू. गटांचे पुंजके करता येतात, त्यांना 'टॉपिक' म्हणतात, आणि पुंजक्यात पोटपुंजके. वरच्या पुंजक्याला नियम लावला की तो खालच्या सगळ्यांना आपोआप मिळतो, वडिलोपार्जित इस्टेटीसारखा. पण एखाद्या गटाने स्वतःचा नियम केला, तर तिथे त्याचाच चालतो. जिल्ह्याचा नियम तालुक्याला, तालुक्याचा गावाला, पण गावाने स्वतः ठरवलं असेल तर गावाचंच खरं. वादच मिटला.

सहीचंही तसंच. यूजनेटच्या शिष्टाचारात पत्राखालची सही चार ओळींपेक्षा मोठी नसावी, आणि ती सुरू होण्याआधी दोन आडव्या रेघा आणि एक मोकळी जागा अशी स्वतंत्र ओळ असावी, म्हणजे वाचणाऱ्याच्या प्रोग्रॅमला मजकूर कुठे संपला ते कळतं. आमच्या मोर्तबाचंच काम की हो! ग्नूसमध्ये ही सही गटागणिक बदलते. भाच्याची ऑफिसची सही इंग्रजी, हुद्द्यासकट. गाण्यांच्या गटात नुसतं नाव. आणि घरच्या गटात 'तुमचा' आणि त्याचं लाडाचं नाव. त्याला दर वेळी लिहावं लागत नाही. गट उघडला की मायना तयार.

*

आता मराठी गटाकडे येते. नव्वदच्या दशकात तिथे लिहिणारी मंडळी बहुतेक परदेशात शिकणारी किंवा नोकरी करणारी. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने सेवा सुरू केली तेव्हा, आणि तेही आधी मोजक्या मोठ्या शहरांत. सातारा-सांगलीत तेव्हा आम्ही एसटीडी बूथच्या लाल आकड्यांकडे बघत भराभर बोलत होतो.

मंडळी मराठीत लिहायची, पण रोमन लिपीत. कारण दुसरा इलाज नव्हता. मराठीच्या शिक्षिकेला विचाराल तर तिचा जीव इथे तुटतो. एम-ए-एल-ए अशी चार अक्षरं घ्या. ते 'मला' आहे, 'माला' आहे, 'मळा' आहे की 'माळा'? बी-ए-एल म्हणजे बाळ, बाल, बळ की बल? आपल्या मोडीतही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत, पण ळ आणि ल तरी वेगळे होते. अक्षराच्या घोटाळ्याने काय होतं याची 'ध चा मा' ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती बखरीतली दंतकथा असेलही, पण तिच्यामागची भीती खरी आहे. यावर उपाय म्हणून अविनाश चोपडे यांची 'आयट्रान्स' नावाची पद्धत होती. तिच्यात मोठ्या लिपीतला टी म्हणजे ट, लहान लिपीतला म्हणजे त, असे पक्के संकेत होते. जुन्या गाण्यांचे शब्द लोक त्यात नेटकेपणाने उतरवत. पण घाईने चार ओळी लिहिणाऱ्याला ते कुठे सुधरायचं? तो आपला जमेल तसं लिहायचा.

आणि इथे मला या सगळ्या वाचनातली सगळ्यात बोलकी गोष्ट सापडली. ग्नूसमध्ये त्या काळी एक यादी असे. कुठल्या गटातलं पत्र कुठल्या लिपीसंकेताने वाचायचं, त्याची. पत्रावर तसं लिहिलेलं नसेल तर प्रोग्रॅम गटाच्या नावावरून ओळखायचा. भाच्याने मला ती दाखवली. जपानी गट असेल तर जपानी संकेत. हाँगकाँग-तैवानचे असतील तर एक चिनी, मुख्य चीनचे असतील तर दुसरा. रशियन गटांना त्यांचा, पोलिश-झेक-हंगेरियनांना त्यांचा, कोरियनांना त्यांचा. आणि एक ओळ खास सॉक-डॉट-कल्चर-डॉट-व्हिएतनामीज या एकाच गटासाठी! शेवटी सगळ्यांना मिळून एक ओळ, की बाकीचे जे कॉम्प, रेक, साय, सॉक वगैरे गट असतील ते पश्चिम युरोपच्या रोमन संकेताने वाचावेत.

मराठी गट त्या शेवटच्या ओळीत. त्याच्या नावाची स्वतंत्र ओळ नाही.

मला आधी वाईट वाटलं, थोडा रागही आला. पण मग व्हिएतनामी मंडळींचं वाचलं. तीही देशाबाहेर विखुरलेलीच. त्यांची लिपी रोमन, पण अक्षरांवर खुणाच खुणा. त्या खुणांसाठी त्यांनी साधी विरामचिन्हं वापरायची पद्धत ठरवली, १९९३ साली ती रीतसर कागदावर मांडली, आणि पाळली. म्हणून त्यांच्या गटाची ओळ यादीत आली. यादी करणाऱ्याने कुणाला झुकतं माप दिलं नव्हतं. जे ठरलेलं होतं ते त्याने लिहिलं. आमचं ठरलेलंच नव्हतं! तसं म्हणायला भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचं सरकारी मानक १९९१ साली आलेलं होतं. पण छापखान्याचा फाँट एक, वर्तमानपत्राचा दुसरा, कचेरीचा तिसरा, आणि एकाचं दुसऱ्याकडे नेलं की अक्षरांची भेळ. यादीत लिहायला एक नाव हवं ना? ते पुढे युनिकोडने दिलं. त्यात देवनागरी १९९१ पासून होती, पण घरच्या संगणकावर ती नीट दिसायला विंडोज २०००चा काळ उजाडावा लागला. आता तर गटागणिक लिपी ठरवायची वेळच सहसा येत नाही, सगळ्यांना एकच संकेत पुरतो. काही बाबतींत एक कायदाच बरा, हेही मग कबूल करायला हवं.

*

राहिला शेवटचा रकाना, मुदतीचा. माझ्या दृष्टीने हा सगळ्यात महत्त्वाचा.

यूजनेटवरचं पत्र कायमचं नसे. संगणकावर जागा कमी आणि मजकूर उदंड, म्हणून प्रत्येक ठिकाणचा व्यवस्थापक मुदत ठरवी, आणि ती संपली की पत्र पुसलं जाई. ग्नूसमध्येही मुदतीसाठी निशाणी केलेलं टपाल, दुसरं काही सांगितलं नाही तर, सात दिवसांनी जातं. पण गटाच्या फॉर्मात 'एक्सपायरी वेट' नावाचा रकाना आहे. तिथे तीस दिवस लिहा, तीनशे लिहा, 'ताबडतोब' लिहा किंवा 'कधीच नाही' लिहा. आणखी एक छोटा रकाना असतो, 'जीसीसी सेल्फ'. तो चालू केला की आपण पाठवलेल्या पत्राची नक्कल त्याच गटात, आलेल्या पत्रांशेजारी बसते.

जे सगळ्यांनी पुसलं ते एका माणसाने ठेवलं होतं. टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात संगणक सांभाळणारे हेन्री स्पेन्सर १९८१ ते १९९१ या काळातलं यूजनेट चुंबकीय फितींवर उतरवून ठेवत गेले. अशा १४१ फिती जमल्या. १९९५ मध्ये डेजान्यूज या कंपनीने पत्रं साठवून शोधायची सोय केली, २००१ च्या फेब्रुवारीत गूगलने तो साठा विकत घेतला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस स्पेन्सर यांच्या फितींसकट वीस वर्षांचं यूजनेट लोकांपुढे ठेवलं. पुढे २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने यूजनेटची नवी पत्रं घेणं थांबवलं. जुनी पत्रं शोधता येतात, एवढंच. परदेशातल्या मराठी तरुणांनी रोमन अक्षरांत घातलेले वाद, विचारलेल्या पाककृती, आईच्या आठवणी, जे काय उरलं आहे ते असं कुणाच्या तरी फितीच्या आणि कुणाच्या तरी तिजोरीच्या कृपेने.

फितींचं वाचलं तेव्हा मला मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे आठवले. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवणारा शिक्षक. पटवर्धनांचं दप्तर त्यांनी हाती घेतलं, मोडी कागद एकेक करून वाचले, आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' खंडाखंडाने छापत गेले. १९२४ साली ते वारले तोवर हे काम चालूच होतं. त्याच सुमारास राजवाडे वाईसारख्या गावांतल्या वाड्यांचे माळे धुंडाळत होते आणि १८९८ साली त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. हे कागद वाचले का? कुणी मोठ्या दूरदृष्टीने जपले म्हणून थोडे, आणि बासनात बांधून माळ्यावर टाकले नि फेकायचं राहून गेलं म्हणून पुष्कळ.

पण दप्तरांची एक खोड असते. ज्याचं दप्तर, त्याला *आलेली* पत्रं त्यात असतात. त्याने पाठवलेली पत्रं दुसऱ्याच्या घरी गेलेली. मसुदा किंवा नक्कल राहिली तर राहिली. त्यामुळे इतिहासकाराला पुष्कळदा टेलिफोनवरचं एकाच बाजूचं बोलणं ऐकू येतं. उत्तर वाचून प्रश्न ताडायचा.

हे मला पुस्तकातून कळलेलं होतं. घरात कळलं ते २०१९ साली.

माझा थोरला भाऊ सांगलीला, मी साताऱ्याला. लग्न होऊन आले तेव्हापासून आमची पत्रं चालू होती. आंतरदेशीय पत्राच्या निळ्या कागदावर, कडेकडेने, घडीच्या पोटातसुद्धा लिहिलेली. दादाची मला आलेली पत्रं साताऱ्यात माझ्या ट्रंकेत आहेत. माझी त्याला गेलेली त्याच्या घरी, तळमजल्यावरच्या कपाटात, वर्षवार गठ्ठे करून ठेवलेली. तो बँकेतला माणूस, सगळं वर्षवार. दादा २०१६ मध्ये गेला. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला, आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर चढलं, आणि ते कपाट तीन-चार दिवस पाण्याखाली राहिलं. वहिनी वरच्या मजल्यावर सुखरूप होती, ते खरं महत्त्वाचं. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तेव्हा आत निळसर चिखल होता. माझी तीस वर्षांची अर्धी बाजू गेली. ट्रंकेतलं दादाचं पत्र आता उघडते, तर तो लिहितो, 'तू विचारलेस ते खरे आहे.' काय विचारलं होतं मी? आठवत नाही.

पण २००१ नंतरचं सगळं आहे. त्या साली भाच्याने अमेरिकेला जाण्याआधी बापाच्या संगणकावर ग्नूस बसवून दिला, आणि 'घर' नावाचा एक गट करून त्यात आम्हा भावाबहिणींचं टपाल येईल अशी व्यवस्था केली. बाकीच्या गटांना मुदत घातली. 'घर' गटाच्या फॉर्मात मात्र मुदतीच्या रकान्यात 'कधीच नाही' लिहिलं, आणि नक्कल ठेवण्याचा रकाना चालू केला. मी त्याला विचारलं, "का रे केलंस तसं तेव्हा?" तो म्हणाला, "अगं आत्या, बाबांना जुनं पत्र शोधायची सवय. सापडलं नाही की मलाच ओरडतील, म्हणून." बासनं बांधणाऱ्यांची कारणंही अशीच साधी असणार. संगणक बदलले, पण तो गट एकातून दुसऱ्यात उतरत राहिला, आणि एक प्रत अमेरिकेत भाच्याकडे होती. पंधरा वर्षांचं दोन्हीकडचं बोलणं, प्रश्न आणि उत्तर, शेजारी-शेजारी.

त्यातली पहिली सात-आठ वर्षं रोमन लिपीतली आहेत. एकदा दादाने लिहिलं होतं, एम-ए-एल-ए विकला. मी वाचलं, 'मला विकला', आणि हसत सुटले. पुढची ओळ वाचली तेव्हा कळलं, नदीकाठचा *मळा* विकला होता, वडिलांच्या हातचा. मग हसू कुठलं यायला. खाली माझं उत्तरही आहे, चार पानी. ते मात्र इथे देत नाही.

भाची म्हणते, सगळं देवनागरीत करून टाकू, वाचायला सोपं. मी म्हटलं, कर, पण दुसऱ्या गटात. मूळ आहे तसं राहू दे. खरेशास्त्री असोत की राजवाडे, त्यांनी जुन्या पत्रांची भाषा आपल्या काळासारखी सुधारून छापली नाही. दादाला मराठी लिहायचं होतं आणि यंत्राला मराठी येत नव्हतं, तरी तो लिहीत राहिला, हाही त्या पत्रांतला मजकूरच आहे.

आमच्यात यावर अजून एक वाद चालू आहे. सगळंच 'कधीच नाही' करून ठेवावं का? भाचा म्हणतो, जागा स्वस्त आहे, ठेवा. मला ते पटत नाही. वीजबिलाची सूचना आणि दादाचं पत्र एकाच माळ्यावर टाकलं तर उद्या शोधणाऱ्याने काय करायचं? ठेवणं म्हणजे निवडणंही आहे. मायना ज्याचा त्याला वेगळा, तशी मुदतही ज्याची त्याला वेगळी हवी. माझ्या थंडरबर्डमध्ये प्रत्येक फोल्डरच्या गुणधर्मांत ही सोय आहे. अमुक दिवसांनंतरचं काढा, शेवटची इतकीच ठेवा, किंवा काहीच काढू नका. बँका, जाहिराती, गॅस यांना मी साठ दिवस घातले आहेत. माहेर, मुलं, जुने विद्यार्थी या तिघांना 'काहीच काढू नका'. एका दुपारचं काम, चहा थंड होण्याआधी झालं.

तेव्हा गोतावळ्यातल्या मंडळींनो, विशेषतः ज्यांच्याकडे अजून वडीलधाऱ्यांची पत्रं संगणकात आहेत त्यांनी, तो रकाना एकदा उघडून बघा. तिथे आत्ता काय लिहिलेलं आहे ते वाचा. तुम्ही काही लिहिलं नसेल, तर कंपनीने किंवा प्रोग्रॅम करणाऱ्याने तुमच्या वतीने काहीतरी लिहिलेलं असतंच. आणि पाठवलेल्या पत्रांची नक्कल कुठे बसते तेही बघा. आलेली पत्रं आपण जपतो. गेलेल्यांचं कुणी विचारत नाही.

असो. लांबलं. पुढच्या वेळी मिरजेच्या खरेशास्त्र्यांवर स्वतंत्र लिहायचा विचार आहे, कुणाकडे लेखसंग्रहाचे जुने खंड असतील तर वाचायला मिळावेत. जपून वापरीन आणि वेळेत परत करीन.